घरात सापडलेली जुनी परदेशी नाणी: आधी ओळख, मग भाव

नाणी हाती आली की ती घासायला घेऊ नका. पुढची सगळी कामे चुकली तरी दुरुस्त होतात, हे एक होत नाही. टांकसाळीत ठशाखाली दाबले जाताना धातू बाहेरच्या दिशेने सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नव्या नाण्याची फिरती चमक या रेषांमुळे असते. लिंबू, टूथपेस्ट, बेकिंग सोडा किंवा भांड्यांची पावडर हा थर खरवडून काढते. उरते ती सपाट, मेलेली चकाकी, आणि तिरप्या उजेडात एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे. जाणकाराला ते लगेच दिसतात आणि भाव तिथेच निम्म्यावर किंवा त्याखाली येतो. काळपट चांदी आणि चॉकलेटी तांबे हे नाण्याचे दोष नाहीत. संग्राहक त्यासाठी उलट जास्त मोजतात.

दोनच गोष्टी चालतात. सुटी माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात दिवसभर बुडवून ठेवा आणि मऊ कापडावर टिपून घ्या, पुसू नका. चिकटपट्टीचा गोंद किंवा जुन्या प्लॅस्टिक पाकिटाचा हिरवट चिकटा असेल तर शुद्ध ॲसिटोन, काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून आणि जवळपास ज्योत नसताना. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात. तांब्या-ब्राँझच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी पूड दिसली तर तो क्लोराइडमुळे वाढत जाणारा गंज असतो. ते नाणे वेगळे काढा आणि सिलिका जेलसोबत कोरडे ठेवा.

नोंद कशी करायची

चार वस्तू लागतात: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर (शक्यतो प्लॅस्टिकच्या जबड्यांचा, धातूच्या टोकाने कड खरवडते), दहापट भिंग आणि एक छोटे ताकदवान चुंबक. टेबलावर जाड मऊ कापड अंथरा. नाणे नेहमी कडेने धरा. बोटांच्या घामाचा ठसा तांब्यावर कायमचा उमटू शकतो.

प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या आणि वजन, व्यास, जाडी, धातूचा रंग, चुंबकाला चिकटते की नाही, कड कशी आहे, हे लिहून काढा. कडेकडे बहुतेक जण पाहतच नाहीत, पण बरेचदा तीच सर्वांत बोलकी असते. जर्मन साम्राज्याच्या पाच मार्कांच्या कडेवर ‘गॉट मिट उन्स’ कोरलेले असते, डच गुल्डेनच्या कडेवर ‘गॉड झाय मेट ओन्स’, पश्चिम जर्मनीच्या पाच मार्कांवर ‘आयनिगकाइट उन्ड रेख्ट उन्ड फ्रायहाइट’. झिजलेल्या नाण्याचे दोन्ही चेहरे वाचता येत नसले तरी कडेवरचा मजकूर पुष्कळदा शाबूत राहतो.

आणखी एक खूण म्हणजे दोन बाजूंची दिशा. चेहरा सरळ ठेवून नाणे वरच्या आणि खालच्या टोकाला दोन बोटांत धरा आणि डावीकडून उजवीकडे गिरकी द्या. मागची बाजू सरळ आली तर ते पदकाच्या धाटणीचे, उलटी आली तर नाण्याच्या धाटणीचे. जर्मन आणि विसाव्या शतकातली ब्रिटिश नाणी पहिल्या प्रकारची, अमेरिकी आणि युरोपूर्व फ्रेंच नाणी दुसऱ्या. एखादे अमेरिकी रौप्य डॉलर पदकाच्या धाटणीचे निघाले, तर ते बनावट असावे हे सांगायला नको.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि दिवा बाजूने तिरपा टाका. पुसट अक्षरे समोरच्या उजेडात दिसत नाहीत, तिरप्या उजेडात सावलीने उठून येतात. दिवा नाण्याभोवती हळूहळू फिरवत चार फोटो घेतले की सालाचा निदान एखादा आकडा तरी हाती लागतो.

देश कोणता

रोमन लिपीतली नाणी सोपी वाटतात, पण देश आपले नाव स्वतःच्या भाषेत लिहितो. ‘हेल्वेशिया’ किंवा ‘कॉन्फेडेराशियो हेल्वेटिका’ म्हणजे स्वित्झर्लंड. चार भाषांपैकी एकीला झुकते माप नको म्हणून लॅटिन. ‘सुओमी’ फिनलंड, ‘माग्यार’ हंगेरी, ‘श्किपेरी’ अल्बेनिया, ‘ह्रवात्स्का’ क्रोएशिया, ‘एस्टी’ एस्टोनिया, ‘एरे’ आयर्लंड, आणि दोन टिंबे डोक्यावर घेतलेल्या ओ ने सुरू होणारे ‘ओस्टरराइख’ म्हणजे ऑस्ट्रिया. बेल्जियमने एकाच साली एकच नाणे फ्रेंच आणि डच अशा दोन मजकुरांत पाडले आहे. कॅटलॉगमध्ये त्यांचे क्रमांक वेगळे आणि काही सालांत भावही वेगळे.

राजाचे नाव आहे, देशाचे मात्र कुठेच नाही, असे नाणे बहुधा ब्रिटिश निघते. चेहऱ्याभोवती लॅटिनमध्ये ‘देई ग्राशिया’, ‘ब्रिट ओम्न रेक्स’, ‘फिद देफ’ अशी तुटक अक्षरे असतात. ‘इंड इम्प’, म्हणजे भारताचा सम्राट, ही उपाधी १९४८ पर्यंतच्या सालांवर सापडते, १९४९ पासून ती गेली. पण तोच चेहरा साऱ्या वसाहतींच्या नाण्यांवर आहे, म्हणून मागची बाजू पाहिल्याशिवाय ‘इंग्लंडचे’ असे ठरवू नका. पूर्व आफ्रिका, पश्चिम आफ्रिका, सिलोन, मॉरिशस, स्ट्रेट्स सेटलमेंट्स, हाँगकाँग ही नावे तिथे असतात. लॅटिनमध्ये ‘यू’ ऐवजी ‘व्ही’ कोरतात, त्यामुळे ‘जॉर्जिव्हस’, ‘अव्हस्ट्र’ असे विचित्र दिसणारे शब्द म्हणजे जॉर्ज आणि ऑस्ट्रिया.

‘हिस्पान एत इंड रेक्स’ असलेले सुमारे २७ ग्रॅमचे चांदीचे मोठे नाणे हे स्पॅनिश आठ रिआल. त्यावर ‘एम’च्या डोक्यावर छोटा ‘ओ’ असेल तर टांकसाळ मेक्सिकोची. या नाण्याच्या बनावट प्रतीही बाजारात पुष्कळ दिसतात. त्याकडे पुढे येऊ.

सिरिलिक लिपीत रोमनसारखी दिसणारी अक्षरे फसवतात. ‘सी सी सी पी’ असे वाचले जाणारे नाणे सोव्हिएत संघाचे आहे: तिथे ‘सी’चा उच्चार स, आणि ‘पी’चा र. दोन डोक्यांचा गरुड आणि ‘कोपेक’ असेल तर झारची राजवट, ‘स्तोतिन्की’ बल्गेरिया. ग्रीक नाण्यांवर द्राख्मा आणि लेप्ता, अक्षरांत त्रिकोण आणि मध्ये आडवी रेघ असलेले वर्तुळ दिसते.

चौकोनी भोकाची पातळ पितळी-ब्राँझ नाणी चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम या चारांपैकी कुठलीही असू शकतात. चार चिन्हे बहुधा वर, खाली, उजवीकडे, डावीकडे या क्रमाने वाचतात; पहिली दोन चिन्हे सामान्यतः राजवटीचे नाव. मागे भोकाच्या दोन बाजूंना उभी, दाते असलेली मांचू लिपी दिसली तर ते चिंग घराण्याचे आणि ती अक्षरे टांकसाळीची. खांगशी (१६६२ ते १७२२) आणि छ्यानलुंग (१७३६ ते १७९५) यांची नाणी एवढी पाडली गेली की सामान्य टांकसाळीचे नाणे आजही स्वस्त आहे. अडीचशे वर्षे जुने आहे म्हणून महाग असेल, हा हिशेब इथेच मोडतो. चौथ्या शतकातले झिजलेले रोमन ब्राँझ किरकोळ भावाने मिळते आणि विसाव्या शतकातले एखाद्या विशिष्ट सालाचे नाणे त्याच्या शेकडो पट जाते. भाव ठरतो किती उरली आहेत आणि किती जणांना हवी आहेत यावर.

आणि नाण्यासारखे दिसणारे सगळेच नाणे नसते. मूल्य कुठेच लिहिलेले नाही, धातू पातळ पितळ आहे, ‘श्पील मार्के’ किंवा ‘रेखेनफेनिग’ असे शब्द आहेत, तर ती खेळातली किंवा हिशेबाची चकती. पदके, गिरणी-खाणींची टोकन आणि यात्रेची स्मरणिका याच जातीची. ती टाकून द्यायची नसतात, पण नाण्यांच्या कॅटलॉगमध्ये शोधत बसू नका.

साल वाचणे

इथे सर्वांत जास्त चुका होतात आणि सर्वांत जास्त फायदाही इथेच आहे, कारण देश आणि मूल्य कळले तरी साल चुकले की भाव पूर्ण चुकतो.

अरबी-फारसी आकडे आधी शिकून घ्या, अर्ध्या तासाचे काम आहे. शून्य म्हणजे टिंब. एक उभी रेघ. दोनच्या डोक्यावर एक खाच, तीनच्या दोन. चार हा इंग्रजी तीन उलटा फिरवल्यासारखा. फारसीत त्याचे रूप वेगळे. पाच म्हणजे वर्तुळ, फारसीत बदामाचा आकार. सहा इंग्रजी सातासारखा दिसतो, सात इंग्रजी ‘व्ही’सारखा, आठ उलट्या ‘व्ही’सारखा, नऊ इंग्रजी नवासारखा. लिपी उजवीकडून डावीकडे जात असली तरी आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे.

हिजरी सन चांद्र असल्याने नुसती बेरीज चालत नाही. सनाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. १३२७ असेल तर १२८७ अधिक ६२२, म्हणजे १९०९. एक वर्ष इकडेतिकडे होऊ शकते. ऑटोमन तुर्की नाण्यांत आणखी एक मेख आहे: मोठा आकडा हा सुलतान गादीवर आला ते साल असते आणि दुसरा छोटा आकडा राज्याचे कितवे वर्ष ते सांगतो. १२९३ आणि २५ असे दोन आकडे असतील तर १२९३ अधिक २४, म्हणजे हिजरी १३१७, इसवी १८९९-१९००. सगळी नाणी १८७६ चीच आहेत असे वाटत असेल तर हा छोटा आकडा सुटला आहे. इजिप्तची ऑटोमन काळातली नाणीही याच पद्धतीची, टांकसाळीच्या जागी ‘मिस्र’ लिहिलेली.

मोरोक्कोच्या नाण्यांवर हिजरी सन सरळ युरोपी आकड्यांत असतो. ‘एम्पायर शेरिफियन’ लिहिलेले ॲल्युमिनियमचे नाणे १३७० दाखवते तेव्हा ते चौदाव्या शतकातले नसते, १९५१ चे असते. ॲल्युमिनियमचे नाणे एकोणिसाव्या शतकाआधीचे असूच शकत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ गोंधळ टळतो.

इराण आणि अफगाणिस्तानच्या विसाव्या शतकातल्या बहुतेक नाण्यांवर सौर हिजरी सन असतो. त्यात ६२१ मिळवा. इराणमध्ये १९७६ ते १९७८ या थोड्या काळात शाही सन वापरला गेला, म्हणून २५३५, २५३६, २५३७ हे आकडे दिसले तर ५५९ वजा करा. थायलंडचा बौद्ध सन असेल तर ५४३ वजा: २५०५ म्हणजे १९६२. इथिओपियाच्या सालात ७ किंवा ८ मिळवायचे, मात्र आकडे त्यांच्या स्वतःच्या चिन्हांत असतात. इस्राएलच्या नाण्यांवर हिब्रू अक्षरेच आकड्यांचे काम करतात आणि हजाराचा अंक बहुधा गाळलेला असतो. पूर्ण आकडा मिळाला की ३७६० वजा करा, ५७०९ म्हणजे १९४९. नेपाळचे नाणे आपल्याला थेट वाचता येते, पण वाचलेले साल इसवी समजू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे शक असे, त्यात ७८ मिळवा. नंतर विक्रम संवत आला, त्यातून ५७ वजा करा.

जपानी साल सम्राटाच्या कालखंडाचे असते. मेजी कालखंडाला १८६७ मिळवा, ताइशोला १९११, शोवाला १९२५, हेइसेइला १९८८. शोवा ३९ म्हणजे १९६४. एक, दोन, तीन या तितक्याच आडव्या रेघा. दहा म्हणजे अधिकचे चिन्ह. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या नाण्यांवर मजकूर उजवीकडून डावीकडे असतो, त्यामुळे उलट वाचले तर साल जुळत नाही. चीनच्या प्रजासत्ताकाच्या वर्षात १९११ मिळवायचे.

साल नीट वाचले तरी काही नाणी खोटे बोलतात, आणि तेही अधिकृतपणे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचे थेलर, म्हणजे चांदीचे मोठे नाणे, १७८० चे साल घेऊन तिच्या मृत्यूनंतरही सतत पाडले गेले, कारण अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेत व्यापाऱ्यांना तेच हवे होते. वजन २८.०७ ग्रॅम, चांदी ०.८३३ (म्हणजे हजारात ८३३ भाग शुद्ध चांदी). घरात मिळणारे जवळजवळ प्रत्येक थेलर नंतरचेच असते; त्याला चांदीचा भाव आणि थोडे वर. ऑस्ट्रियाची १९१५ सालची सोन्याची डुकाट आणि शंभर कोरोना, तसेच मेक्सिकोचे १९४७ सालचे ५० पेसो हीही त्याच सालाने पुन्हा पुन्हा पाडलेली. त्यांचे मोल सोन्याचे, वयाचे नाही.

साल झाले की टांकसाळीची खूण शोधा. ती एखादे इवलेसे अक्षर असते: सालाच्या शेजारी, चेहऱ्याखाली, कधी माळेत लपलेली. जर्मन नाण्यांवर ए म्हणजे बर्लिन, डी म्युनिक, एफ स्टुटगार्ट, जी कार्ल्सरूहे, जे हँबर्ग. ब्रिटिश पेनीवर १९१२, १९१८ आणि १९१९ या सालांत सालाच्या डावीकडे ‘एच’, आणि शेवटच्या दोन सालांत ‘केएन’ही सापडते, केएन असलेली चांगल्या अवस्थेतली पेनी साध्या पेनीच्या कित्येक पट जाते. अमेरिकेचे १९१६ चे दहा सेंट सर्वसामान्य आहे, पण त्याच नव्या मर्क्युरी छापाच्या नाण्यामागे ‘डी’ असेल तर ते फक्त २ लाख ६४ हजार पाडलेले. अर्थात म्हणूनच साध्या नाण्यावर ‘डी’ चिकटवण्याचा उद्योगही जुना आहे. अक्षराच्या बुडाशी भिंगातून फट किंवा वेगळा रंग दिसतो का पाहा.

धातू

चुंबक आधी लावा. चिकटले तर ते लोखंड, पोलाद किंवा निकेल, चांदी-सोने नाही. निकेल चुंबकाला चिकटते हे अनेकांना ठाऊक नसते, आणि म्हणून खरे नाणे बनावट समजून फेकले जाते. स्वित्झर्लंडचे १८८१ पासून १९३८ पर्यंतचे २० राप्पेन शुद्ध निकेलचे आहे आणि चिकटायलाच हवे. राणी युलियानाचे डच गुल्डेन तर दोन्ही प्रकारचे: १९५४ ते १९६७ चे चांदीचे (०.७२०, ६.५ ग्रॅम), १९६७ पासूनचे निकेलचे (६ ग्रॅम). १९६७ साल दोन्हींत येते, तेव्हा चुंबकाला विचारणे सर्वांत सोपे.

चांदी कधी संपली हे प्रत्येक देशात ठरलेले आहे आणि किमतीचा मोठा भाग त्यावर टांगलेला आहे. ब्रिटनची रौप्यनाणी १९१९ पर्यंत ०.९२५, १९२० ते १९४६ दरम्यान ०.५००, आणि १९४७ पासून चांदी शून्य. अमेरिकेची दहा, पंचवीस आणि पन्नास सेंटची नाणी १९६४ पर्यंत ०.९००, पन्नास सेंटमध्ये १९७० पर्यंत ४० टक्के चांदी राहिली. स्वित्झर्लंडचे अर्धा, एक, दोन फ्रँक १९६७ पर्यंत ०.८३५. जपानचे शंभर येन १९५७ ते १९६६ दरम्यान ०.६००. लॅटिन नाणेसंघातल्या देशांनी (१८६५ मध्ये फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्वित्झर्लंड) मापे एकसारखी केली, म्हणून त्यांचे चांदीचे पाच फ्रँक किंवा लिरा २५ ग्रॅम, ३७ मिलिमीटर आणि ०.९००; एक फ्रँक ५ ग्रॅम आणि ०.८३५, सोन्याचे २० फ्रँक ६.४५ ग्रॅम, त्यात शुद्ध सोने ५.८ ग्रॅम. ब्रिटिश सॉव्हरिन ७.९९ ग्रॅम आणि २२.०५ मिलिमीटर, शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम.

शंका असेल तर घनता मोजा. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. नाणे पातळ धाग्याने बांधून पूर्ण बुडेल असे अधांतरी धरा. तळाला किंवा भिंतीला लागू देऊ नका, बुडबुडे झटकून टाका. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. २५ ग्रॅमच्या नाण्याला २.४३ आले तर घनता १०.३, म्हणजे ०.९०० चांदी जुळली. शुद्ध चांदी १०.४९, ताम्र-निकेल ८.९ च्या आसपास, पितळ साधारण ८.५, जस्त ७.१, सॉव्हरिनचे सोने १७.५ च्या जवळ. तीन ग्रॅमपेक्षा हलक्या नाण्यावर ही चाचणी करू नका, काट्याची ०.०१ ची चूकसुद्धा उत्तर बिघडवते. आम्लाची कसोटी किंवा कानसीने कड घासणे हे दागिन्यांचे उपाय आहेत, नाण्याचे नाहीत.

बनावट ओळखायला वजन सर्वांत उपयोगी. झिजेने वजन दोन-तीन टक्के घटते, वाढत कधीच नाही. ठरल्यापेक्षा जड नाणे संशयास्पदच. ओतीव नकलेत भिंगातून बारीक खड्डे आणि बोथट अक्षरे दिसतात, कडेवर जोडाची रेघ असते किंवा ती कानसून काढल्याच्या खुणा. मोठी चांदीची नाणी (आठ रिआल, अमेरिकी आणि चिनी डॉलर) सर्वाधिक नकलली जातात. १९४३ चा अमेरिकी सेंट पोलादाचा असतो. तांब्याचा दिसत असून चुंबकाला चिकटला तर त्यावर मुलामा आहे.

अवस्था

केस, मुकुट, गालाचे हाड, पक्ष्याची छाती असे सर्वांत उंच भाग आधी झिजतात, तेच पाहा. फक्त आकृतीची कड उरली तर ‘गुड’ (नाव गुड असले तरी अवस्था वाईट). मुख्य भाग स्पष्ट पण बारकावे गेलेले, तर ‘फाइन’. बहुतेक बारकावे आहेत, उंच जागा सपाट, तर ‘व्हेरी फाइन’. हलकीशी झीज आणि थोडी मूळ चमक म्हणजे ‘एक्स्ट्रीमली फाइन’. झीजच नाही तर ‘अनसर्क्युलेटेड’. युरोपातल्या लिलावात संक्षेप वेगळे: जर्मन ‘एसएस’ साधारण व्हेरी फाइनच्या जवळ, पण फ्रेंच ‘टीटीबी’ एक्स्ट्रीमली फाइनच्या. दोन्ही ‘खूप सुंदर’ असे म्हणतात, भाव मात्र वेगळे.

नवशिका आपले नाणे हमखास एक पायरी वर ठरवतो. एक पायरी खाली धरून किंमत काढा. भोक पाडलेले, कडी जोडलेले, ब्रोच केलेले नाणे कितीही सुंदर असले तरी संग्राहकाच्या दृष्टीने मोडीचेच. सोने-चांदी नसेल तर जवळजवळ काहीच नाही. वाकडे झालेले, ठोकलेले, चुकून आगीत गेलेले नाणे म्हणजे टांकसाळीची चूक नव्हे. खरी चूक ठसा दाबतानाच होते: मध्यापासून सरकलेली छाप, चुकीच्या चकतीवर पाडलेले नाणे.

भाव काढणे

आता कॅटलॉग. जगभरातली सतराव्या शतकापासूनची नाणी ‘केएम’ (क्राउझे-मिशलर या कॅटलॉगच्या) क्रमांकाने ओळखली जातात. विक्रेते, लिलाव, संकेतस्थळे सगळे तोच देतात. नुमिस्ता या मोफत संकेतस्थळावर देश ठाऊक नसला तरी व्यास, वजन, धातू, भोक, आकार टाकून शोध घेता येतो, म्हणून वरची सगळी मोजमापे. फोटोवरून शोधणारे ॲप सुरुवातीला बरे असते, पण ते फक्त छाप ओळखते. साल, टांकसाळ आणि धातू तुम्हालाच पाहायचे असतात. तुमच्या नाण्याचे वजन नोंदीशी तीन टक्क्यांहून जास्त फरकाने चुकत असेल तर नोंद चुकीची आहे किंवा नाणे.

तीन आकडे काढा आणि ते मिसळू नका. पहिला मोडीचा: वजन गुणिले शुद्धता गुणिले धातूचा ग्रॅमचा दर (दर औंसाचा असेल तर ३१.१०३५ ने भागून). ब्रिटिश हाफ क्राउन १४.१४ ग्रॅमचे, १९१५ चे असेल तर १३.०८ ग्रॅम चांदी, १९३५ चे असेल तर ७.०७. दिसायला सारखीच नाणी, चांदीत जवळपास दुप्पट फरक. दुसरा आकडा कॅटलॉगचा: हा किरकोळ विक्रीचा अंदाज, बहुधा वास्तवापेक्षा वरचा. तिसरा प्रत्यक्ष विकले गेलेल्याचा, आणि विश्वास ठेवावा तो यावरच. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ हा गाळक लावा. नुसती मागितलेली किंमत काहीही असू शकते. त्याहून चांगले म्हणजे नुमिसबिड्स किंवा एसीसर्चसारखे लिलावांचे जुने निकाल. तेच साल, तीच टांकसाळ, तीच अवस्था असलेल्या पाच-सहा विक्री घ्या, सर्वांत वरची आणि खालची सोडा, मधले पाहा. लिलावाच्या निकालावर खरेदीदार वेगळे शुल्क भरतो, बहुधा १५ ते २५ टक्के, आणि विकणाऱ्याकडूनही वाटा कापला जातो. हाती पडते ती रक्कम निकालाहून बरीच कमी.

पाडलेल्या नाण्यांची संख्या म्हणजे उरलेल्यांची संख्या नव्हे. लाखो पाडून वितळवलेली साले असतात, आणि थोडीच पाडली पण लोकांनी जपून ठेवली म्हणून सहज मिळणारीही.

पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून अवस्था ठरवणाऱ्या कंपन्यांकडून प्रमाणपत्र घेऊन नाणे सीलबंद करून घ्यायचे का? शुल्क, टपाल आणि विमा धरून होणारा खर्च नाण्याच्या भावाच्या पाव हिस्स्याहून अधिक असेल तर नको. वारंवार नकलल्या जाणाऱ्या महाग नाण्याला मात्र ते उपयोगी, कारण त्याशिवाय अनोळखी माणूस पूर्ण भाव देत नाही.

विक्रीला नेताना स्वतःची यादी सोबत ठेवा: क्रमांक, देश, साल, केएम, वजन, मोडीचा भाव. यादी घेऊन आलेल्याला ‘सगळ्याचे मिळून इतके’ असे म्हणणे विक्रेत्याला अवघड जाते. दोन-तीन ठिकाणी विचारा, सोन्या-चांदीची नाणी वेगळी ठेवा, आणि नाणी नजरेआड नेऊ देऊ नका. विक्रेता कॅटलॉगपेक्षा बराच कमी भाव देईल. त्याला पुढे विकायचे आहे, त्यात फसवणूक नाही. मोडीपेक्षा कमी दिला तर मात्र उठा. प्राचीन नाणी असतील तर देशाबाहेर पाठवण्यापूर्वी तिथला कायदा तपासा, तुर्की आणि इटलीसारखे देश याबाबत कडक आहेत.

उरतो तो विसाव्या शतकातल्या ताम्र-निकेल, ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या नाण्यांचा ढीग. ही नाणी किलोवर विकली जातात, एकेक करून विकायला टपालही परवडत नाही. ठेवायची असतील तर मऊ पीव्हीसी पाकिटे, रबरबँड आणि वर्तमानपत्र टाळा. रबर आणि कागदातला गंधक चांदी काळी करतो, पीव्हीसी तांब्यावर हिरवा चिकटा सोडते. पॉलिएस्टरची पाकिटे किंवा पुठ्ठ्याच्या चौकटी घ्या. नाणी वेगळी करताना चलनातून गेलेली पण अजून बदलून मिळणारी बाजूला काढा. जर्मनीची मध्यवर्ती बँक मार्क कितीही काळ बदलून देते, ऑस्ट्रियाची शिलिंगही. फ्रान्सची नाण्यांची मुदत फेब्रुवारी २००५ मध्ये संपली, स्पेनची जून २०२१ मध्ये. बदलण्याआधी धातू पाहा: पश्चिम जर्मनीच्या १९५१ ते १९७४ च्या पाच मार्कांत ७ ग्रॅम चांदी आहे, ते नाणे बँकेत द्यायचे नाही. १९७५ पासूनचे नेहमीच्या चलनातले पाच मार्क बिनचांदीचे, ते खुशाल द्या.